एक वीत वर

मित्रांनो, या खोलीत पाऊल टाकणारा प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो, "भिंतींना हा कमरपट्टा कशाला बांधलाय?" तुम्ही विचारलात तरी मला राग येणार नाही. मी एक जुना आलेखपट आहे. शाळेत तुम्ही ज्या चौकटींच्या कागदावर आलेख काढता, तसे कितीतरी कागद एकापुढे एक चिकटवून मी लांब झालो आहे. दाराच्या चौकटीपासून मी निघतो, कपाटाच्या डोक्यावरून जातो, कोपऱ्यात वळतो आणि खिडकीवरून पुढच्या भिंतीवर पोचतो. माझ्या अंगभर एकच निळी रेघ धावते. कुठे चढते, कुठे घसरते, पण तुटत मात्र नाही. ती मधे एकदा तुटल्यासारखी दिसली आणि घरात केवढा गहजब झाला! तीच गोष्ट आज तुम्हांला सांगायची आहे.

मला घडवणारे गृहस्थ कुलपांच्या कारखान्यात आराखडे काढायचे. त्यांच्या खिशात कायम एक पट्टी असायची, म्हणून सगळे त्यांना पट्टीवाले म्हणत. कारखान्याने एकदा आपल्या कामगारांना कंपनीचे थोडे शेअर दिले. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा लहानसा तुकडा. हे तुकडे बाजारात विकले जातात, विकत घेतले जातात, आणि त्यांची किंमत रोज बदलते. इतर कामगारांनी आपले कागद पेटीत ठेवले आणि विसरून गेले. पट्टीवाल्यांना मात्र वाटलं, की जी गोष्ट आपली आहे तिची नाडी आपल्याला कळायला हवी.

त्यासाठी त्यांनी साधा आलेख कागद घेतला नाही. त्यांनी घेतला दामदुपटीचा कागद. म्हणजे काय, ते नीट ऐका. साध्या कागदावर दहापासून वीसपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच शंभरपासून एकशेदहापर्यंत असतं. पण विचार करा, दहाचे वीस झाले तर पैसे दुप्पट झाले, आणि शंभराचे एकशेदहा झाले तर जेमतेम थोडी भर पडली. या दोन गोष्टी सारख्या कशा असतील? माझ्या कागदावर तसं नाही. माझ्यावर दहाचे वीस होताना रेघ जेवढी चढते, तेवढीच शंभराचे दोनशे होताना चढते. दुप्पट ती दुप्पट, मग ती लहान आकड्याची असो की मोठ्या. तसंच पाचपटीचं. माझ्या अंगावर कुठूनही मोजा, पाचपट म्हणजे बरोबर पट्टीवाल्यांची एक वीत. ही वीत लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. शनिवारी जेवण झालं की ते वर्तमानपत्राच्या बारीक अक्षरांच्या पानावर पट्टी आडवी धरत, म्हणजे नजर खालच्या ओळीवर घसरत नसे. मग त्या आठवड्याचा शेवटचा बंद भाव मोठ्याने वाचत. दिवसभराची घासाघीस संपल्यावर जी किंमत शेवटी ठरते, तिला बंद भाव म्हणतात. खिडकीपाशी त्यांची बायको लोकांचे कपडे आखूड-लांब करून देत शिलाई यंत्रावर बसलेली असे. घरात सगळे तिला आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो. ती हातचं काम न थांबवता आकडा परत म्हणे.

"एक्याऐंशी."

"एक्याऐंशी."

दोन तोंडांतून एकच आकडा निघाला, की मगच माझ्यावर टिंब पडे.

"अहो, माझ्याकडून काय वदवून घेता? मी काय पोपट आहे?" आई कधी कधी म्हणे.

"अगं, एकाचे डोळे फसतात. दुसऱ्याचे कान पहाऱ्याला असलेले बरे."

वर्षातून एकदा कंपनी आपल्या नफ्यातला वाटा मालकांना देई. त्याला म्हणतात लाभांश. तो आला की पट्टीवाले माझ्यावर हिरवं टिंब काढत आणि पैसे सरळ आईच्या हातावर ठेवत. तो पैसा आईचा. त्यातून तिने काय घ्यावं हे तिला कुणी विचारत नसे.

मी वाढत गेलो. एका वर्षी साऱ्या बाजारालाच ओहोटी लागली, भाव निम्म्यावर आला आणि माझ्या रेघेत खड्डा पडला. पट्टीवाल्यांचा मुलगा तेव्हा लहान होता. त्याला थांबणं ठाऊकच नव्हतं. जेवताना उभा, झोपेत पळता, म्हणून आईने त्याचं नाव ठेवलं होतं वादळ. तो रबर घेऊन आला. "बाबा, हा खड्डा पुसून टाका ना. कसं वाईट दिसतंय!"

पट्टीवाल्यांनी त्याच्या हातातलं रबर हळूच काढून घेतलं. "पुसला तर पुढच्या वेळी पडल्यावर आपल्याला कसं कळेल, की आधीही पडलो होतो आणि उठलो होतो?"

खड्डा तसाच राहिला. रेघेला वर यायला तीन वर्षं लागली, पण ती आली. पुढे ती खड्ड्याच्या काठाच्याही वर गेली आणि चढतच राहिली.

मग तो शनिवार आला. मुलं शिकायला बाहेरगावी होती. पट्टीवाल्यांनी आकडा वाचला, "एकशेवीस."

यंत्र थांबलं. आईने मान वर केली. "अहो, चष्मा पुसा. मागच्या शनिवारी सहाशे होते!"

पट्टीवाले हसायला लागले. त्यांनी टेबलावरचं संत्रं उचललं, सोललं आणि त्याचे पाच वाटे करून तिच्यापुढे मांडले. "सांग बघू, संत्रं कमी झालं का?"

"ते कशाला कमी होईल?"

"तसंच झालंय. आपला एक शेअर सहाशेला जाऊ लागला. एवढा महाग तुकडा साध्या माणसाला घेता येईना. म्हणून कंपनीने प्रत्येक शेअरचे पाच केले. एकेकाची किंमत एकशेवीस, पण आपल्याकडे आता आहेत पाचपट. संत्रं तेवढंच, फोडी जास्त."

"मग तुमच्या रेघेचं काय? ती तर धाडकन खाली जाणार."

हाच खरा प्रश्न होता, मित्रांनो. एकशेवीसचं टिंब जिथल्या तिथे काढलं असतं, तर बघणाऱ्याला वाटलं असतं की कंपनी एका आठवड्यात रसातळाला गेली. आकडा खरा, आणि त्यातून होणारा समज मात्र साफ खोटा! पट्टीवाल्यांनी काय केलं? त्यांनी माझा पुढचा कागद मागच्या कागदाला सरळ चिकटवलाच नाही. तो एक वीत वर सरकवून चिकटवला. आता नव्या कागदावरचे एकशेवीस जुन्या कागदावरच्या सहाशेच्या अगदी शेजारी आले, आणि रेघ जणू काही झालंच नाही अशी पुढे चालू लागली.

तेव्हापासून मला पायरी पडली. अर्धा मी खाली, अर्धा एक वीत वर. पाहुणे म्हणत, "कागद वाकडा लागलाय." पट्टीवाले म्हणत, "वाकडा नाही, बरोबर लागलाय." पण ते का, हे त्यांनी माझ्यावर कुठेही लिहिलं नाही. आईला सांगून झालं होतं. आणि घरातल्या माणसाला ठाऊक असलेली गोष्ट कुणी लिहून ठेवतं का?

वर्षं गेली. पट्टीवाले गेले. त्यानंतर माझ्यावर टिंब पडलं नाही. मी भिंतीवर धूळ खात होतो. मग खोलीला रंग द्यायची वेळ आली, आणि मला उतरवताना माझा सांधा सुटला. जुना डिंक वाळून गेला होता. माझे दोन तुकडे झाले.

मला परत लावलं ते वादळानेच. आता तो मोठा झाला होता, चांगल्या नोकरीत होता, तरी स्वभाव तोच. त्याने ताजा डिंक आणला, पाण्याच्या बुडबुड्याची सपाटी मापायची नळी आणली आणि मला दोरीत, अगदी सरळ लावलं. पायरी पाहून तो स्वतःशीच म्हणाला होता, "शेवटी शेवटी बाबांचा हात थरथरायचा. बिचाऱ्यांकडून वाकडं लागलं असेल." बापाची चूक त्याने मायेने दुरुस्त केली. आणि माझ्या मधोमध एक सरळसोट कडा तयार झाला, सहाशेवरून थेट एकशेवीसवर.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

काही महिने कुणाचंच लक्ष गेलं नाही. मग एका शनिवारी वादळ एका सल्लागाराला घरी घेऊन आला. त्याचे बूट इतके चकचकीत होते की आईने त्याचं नाव तिथल्या तिथे ठेवलं, चकाकी. त्याचं म्हणणं असं, की कुलपांचा जमाना गेला. आईच्या नावावरचे सगळे शेअर विकावेत आणि पैसे एका नव्या कंपनीत घालावेत. ती कंपनी फोनने उघडणारी दारं बनवते. त्याने तिचा आलेखही आणला होता. गुळगुळीत कागदावर डोंगर नुसता आभाळाला भिडलेला.

"यात लाभांश मिळतो का?" आईने विचारलं.

"काकू, लाभांश कसला घेऊन बसलात? इथे वाढ बघा, वाढ!"

"वाढ पोटात घालता येत नाही. वर्षाला हातात पैसा येतो म्हणून मी मुलांपुढे हात पसरत नाही."

चकाकीने उत्तर शोधत भिंतीकडे पाहिलं आणि त्याला मी दिसलो. त्याने सरळ कड्यावर बोट ठेवलं. "काकू, हे बघा. एका आठवड्यात सहाशेवरून एकशेवीस! ही कंपनी एकदा बुडालेली आहे. तुम्हांला हे कुणी सांगितलं नाही?"

वादळाने घाईघाईने संगणक उघडला आणि कंपनीचे जुने भाव काढले. तिथे कडा नव्हता. रेघ सलग होती. पण कड्याच्या आधीचे सगळे भाव माझ्यावरच्या आकड्यांपेक्षा कितीतरी लहान होते. जिथे माझ्यावर सहाशे, तिथे संगणकात एकशेवीस.

वादळाचा चेहरा उतरला. "म्हणजे कंपनी बुडाली नाही. बाबांनीच... बाबांनीच जुने आकडे फुगवून लिहिलेत."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" आई कडाडली. "त्यातला प्रत्येक आकडा मी परत म्हटलेला आहे. ते खोटं बोलले, तर मीही खोटं बोलले!"

पण तिचा आवाज शेवटी चिरला. इतक्या वर्षांपूर्वीचे आकडे तिला आठवत थोडेच होते? तिने फक्त ते म्हटले होते. चकाकी मऊ आवाजात म्हणाला, "जाऊ द्या. असल्या घरगुती कागदावर विसंबू नये, एवढंच. उद्या दुपारी सहीचे कागद आणतो." तो गेल्यावर आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "सही करून टाकते. ज्याच्यावर विश्वास होता तोच कागद खोटा निघाला, तर मग राखायचं काय?"

मित्रांनो, वाळवीची भीती वाटली नव्हती एवढी त्या वाक्याची वाटली.

रविवारी सकाळी ताई आली. ताई म्हणजे वादळाची थोरली बहीण. ती जितकी सावकाश, तितका तो घाईचा. तिने सगळं ऐकून घेतलं, चपला काढल्या आणि माझ्यापुढे स्टूल ओढून बसली.

"ताई, आता त्यात बघण्यासारखं काय आहे? दुपारी तो येईल," वादळ म्हणाला.

"तू संगणक घे. मी सांगेन त्या तारखेचा भाव वाच. आणि आई, तू परत म्हण."

तिने माझ्यावरचं एक जुनं टिंब निवडलं. माझ्यावर होतं अडीचशे. वादळाने वाचलं, "पन्नास."

"पन्नास," आई म्हणाली.

दुसरं टिंब. माझ्यावर शंभर. "वीस." "वीस." तिसरं टिंब त्या मोठ्या खड्ड्याच्या तळाशी. माझ्यावर पंचाहत्तर. "पंधरा." "पंधरा." मग तिने कड्याच्या पलीकडचं टिंब घेतलं. माझ्यावर एकशेचाळीस. वादळ वाचताना थांबला. "एकशेचाळीस? इथे तर सारखेच आहेत!"

"आणि कड्याच्या आधीचे सगळे बरोबर पाचवा हिस्सा," ताई म्हणाली. "चढतानाही पाचवा हिस्सा, खड्ड्यातही पाचवा हिस्सा. अरे वादळा, फुगवणारा माणूस कुठे जास्त फुगवेल, कुठे कमी. खड्डा तर तो पुसूनच टाकेल. इतकं नियमित खोटं कुणी बोलतं का? एकाचे पाच झालेत. पण कशाचे?"

आई एकदम उभी राहिली. मांडीवरचं कापड खाली पडलं.

"फोडी!"

"काय?"

"अगं, संत्र्याच्या फोडी! त्यांनी मला संत्रं सोलून दाखवलं होतं. एका शेअरचे पाच केले होते कंपनीने. मी म्हटलं, चष्मा पुसा... आणि त्याच वर्षी लाभांशातून मी या यंत्राला मोटार बसवली. कंपनी बुडाली असती तर मोटार काय आकाशातून पडली असती?"

वादळ डोकं धरून बसला. "म्हणजे संगणकाने जुने भावही पाचाने भागून दाखवलेत, रेघ सलग राहावी म्हणून. आणि बाबांनी आकडे त्या दिवशी छापून आले तसेच ठेवले. दोघंही खरे! पण मग बाबांच्या आलेखात हा कडा कसा? त्यांना कळलं नसेल की..."

तो बोलता बोलता थांबला. सरकत माझ्याजवळ आला. माझ्या सांध्यावर त्याने नाक टेकवलं म्हणा ना. त्याने लावलेल्या ताज्या डिंकाखाली जुन्या डिंकाचा पिवळा डाग होता. आधीच्या कागदावर तो डाग फक्त वरच्या भागात होता. पुढच्या कागदावर फक्त खालच्या भागात.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "हे वाकडं लागलं नव्हतं. हे मी सरळ करून ठेवलं."

आई म्हणाली, "बसून काय राहिलास? ओलं फडकं आण!"

काय सांगू तुम्हांला, तो प्रसंग! ताईने सांधा ओला केला. वादळ स्टुलावर चढला. आयुष्यात पहिल्यांदा तो सावकाश काम करत होता. त्याने माझा पुढचा तुकडा सोडवला आणि दोन्ही हातांनी वर सरकवायला सुरुवात केली. एक बोट. चार बोटं. आई खालून सांगत होती, "अजून... अजून थोडा... अरे, डोळे उघड की, डाग बघ!" पिवळ्या डागावर पिवळा डाग आला. आणि माझी निळी रेघ, सहाशेच्या टिंबावर हात पसरून थांबलेली, एकशेवीसच्या टिंबाला जाऊन भिडली. पट्टीवाल्यांची एक वीत भरून आली.

वादळाने वरूनच आरोळी ठोकली. ताई टाळ्या पिटत होती. आईने त्या सांध्यावर तळवा ठेवला आणि ठेवून राहिली.

दुपारी चकाकी आला तेव्हा सहीचा पेन बाहेर काढायची त्याला संधीच मिळाली नाही. वादळाने आधी त्याला संत्रं खायला दिलं आणि फोडी समजावल्या. मग ताईने त्याचा गुळगुळीत आलेख मागून घेतला. त्यात अवघे अकरा महिने होते, आणि उभ्या बाजूचे आकडे शून्यापासून नव्हे तर नव्वदपासून सुरू होत होते. म्हणून ब्याण्णवचे एकशेदहा झाले, तेवढ्याचाच डोंगर दिसत होता. ताईने ते आकडे दामदुपटीच्या एका कोऱ्या तुकड्यावर काढले आणि तो तुकडा माझ्या शेजारी धरला. चार बोटं रुंदीची एक लहानशी चढण.

"हात्तिच्या! एवढ्याचा एवढा डोंगर?" आई म्हणाली. "आणि साहेब, यात खड्डा कुठे आहे?"

"खड्डाच नाही काकू, हीच तर मजा आहे!"

"ज्या रस्त्यावर एकही खड्डा नाही, त्यावरून अजून कुणी पुरतं चाललेलं नसतं. चार-दोन पावसाळे जाऊ द्या, मग या."

चकाकीच्या बुटांची चकाकी जराशी उतरली, पण माणूस वाईट नव्हता. जाताना दारात थांबून तो माझ्याकडे बघत म्हणाला, "असा कागद मला आमच्या कार्यालयात कुणी दाखवला नव्हता."

सोमवारी ताईने कंपनीच्या कार्यालयात फोन लावून खात्री करून घेतली. होय, त्या वर्षी एका शेअरचे पाच केले होते. आठवण कितीही पक्की असली, तरी ती तपासून घ्यावी. हे त्या घराच्या रक्तातच आहे.

तुम्ही म्हणाल, म्हणजे तू सांगशील ती कंपनी कायम वरच जाणार? नाही मित्रांनो, तसं मी कधीच म्हणणार नाही. मी सांगतो ते मागचं. माझा शेवटचा कागद जिथे संपतो, तिथून पुढे कोरी भिंत आहे, आणि त्या भिंतीवर उद्याचा भाव कुणालाही वाचता येत नाही. ताई तर म्हणालीच, "आई, एकाच खुंटीला सगळे कपडे टांगू नयेत." म्हणून पुढे त्यांनी थोडे शेअर विकून पैसे दुसरीकडेही ठेवले. पण प्रत्येक कंपनीचा लांबलचक आलेख आधी स्वतः काढून पाहिला, खड्ड्यांसकट. आईचा लाभांश मात्र अजून तिच्याच हातात येतो. यंदा तिने त्यातून स्वतःसाठी चांगली आरामखुर्ची घेतली. कुणाला विचारलं नाही.

आणि मी? माझं नशीब फळफळलं! वादळाने दामदुपटीच्या कागदाचं नवं भेंडोळं आणलं. मधली रिकामी वर्षं त्याने एकेक आठवडा करून भरून काढली. माझ्या सांध्यापाशी त्याने पक्क्या शाईने दोन ओळी लिहिल्या, की इथे एका शेअरचे पाच झाले आणि म्हणून कागद एक वीत वर आहे. जे काम पट्टीवाल्यांकडून राहून गेलं होतं, ते त्याने पुरं केलं. आता दर शनिवारी तो येतो, पट्टी आडवी धरतो आणि वाचतो. खिडकीपाशी यंत्राची मोटार गुणगुणत असते आणि आई आकडा परत म्हणते. मी तिसऱ्या भिंतीवर पोचलो आहे.

तुम्हांला माझं एकच सांगणं आहे. जुने आकडे टाकून देऊ नका, आणि त्यांच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका. जुना आकडा हाती आला की त्याला आधी विचारा, "बाबा रे, तू कधीचा, कशाचा, आणि मधल्या काळात तुझं काय काय झालं?" आणि तुम्ही स्वतः काही मोजून ठेवलंत, तर ते तसं का मोजलं हेही दोन ओळींत लिहून ठेवा. आज घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट उद्या कुणालाच ठाऊक नसते.

परवाच एक पाहुणे आले होते. त्यांनी मान तिरकी करून मला पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा कागद मधेच वाकडा लागलाय हो."

वादळ तोंड उघडणार, इतक्यात आरामखुर्चीतून आईचा आवाज आला.

"वाकडा नाही. बरोबर लागलाय. बसा, संत्रं सोलते."